एल्कच्या डोंगरी शिकारीसाठी रायफलला कोणता स्कोप बसवावा?

डोंगरउतार (प्रश्न)

नमस्कार. मी डेन्व्हरजवळ राहतो आणि येत्या ऑक्टोबरात कोलोरॅडोतील गनिसनच्या परिसरात एल्कच्या, म्हणजे तिकडच्या एका मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाणार आहे. मागच्या वर्षी एका सहकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर गेलो होतो. तेव्हा रायफल त्यांचीच होती आणि पाच दिवसांत खुरांचे ठसे व लेंड्या यांपलीकडे काही हाती लागले नाही. या वर्षी स्वतःची .३०८ ची बोल्ट ॲक्शन रायफल घेतली आहे. तिचे वजन सात पौंड आहे. सगळे जमले, घोडे अडले आहे ते स्कोपपाशी, म्हणजे नेम धरण्याच्या दुर्बिणीपाशी.

स्कोप आणि तो रायफलला बसवायच्या रिंगा व बेस मिळून साधारण ९०० डॉलर खर्च करण्याची तयारी आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की डोंगरात या धारेवरून त्या धारेवर गोळी टाकावी लागते, तेव्हा ५-२५×५६ (पाच ते पंचवीस पट मोठे दाखवणारा, पुढचे भिंग ५६ मिलिमीटरचे) घ्या, निदान ४-१६×४४ च्या खाली उतरू नका. सहकाऱ्याचे वडील मात्र गेली कित्येक वर्षे ३-९×४० वरच समाधानी आहेत. माझे वय ४६ आहे आणि जवळचे वाचायला चष्मा लागतो. मी चांदमारीच्या मैदानावर २०० यार्डांपर्यंत बरा नेम धरतो, त्यापुढचा अनुभव नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना चांदमार

दुकानदाराने तुम्हाला अंतराची भीती घातली आहे. धारेवरून धारेवर एल्क दिसतो हे खरे, पण दिसला तेथूनच गोळी घालावी असे नसते. बहुतेक वेळा मधली घळ उतरून पलीकडे चढावे लागते आणि तोपर्यंत कळप झाडीत शिरलेला असतो. बंदुकांचे आवाज सुरू झाले की एल्क उजाडता उजाडता उत्तरेकडच्या उतारावरील दाट स्प्रूसमध्ये जाऊन बसतात, हे तुम्हाला पहिल्या दोन दिवसांतच कळेल. त्या झाडीत अंतर शंभर यार्डही नसते.

माझी चौथी खेप असेल. मी सकाळी एका मोकळ्या उतारावर स्कोप चौदा पटीवर ठेवला आणि तो तसाच विसरून झाडीत शिरलो. चाळीस पावलांवर एक मादी उठली. रायफल खांद्याला लावली तर नळीभर नुसते तपकिरी केस दिसले. ते खांद्याचे होते की पोटाचे हे काही केल्या उमगेना, आणि मी कडे फिरवून पट कमी करेपर्यंत समोर हलणाऱ्या फांद्यांखेरीज काही उरले नव्हते. तेव्हापासून माझा नियम असा की चालताना स्कोप सदैव सर्वांत खालच्या पटीवर ठेवायचा. लांबचे जनावर तुम्हाला कडे फिरवायला वेळ देते, जवळचे देत नाही. म्हणून स्कोप निवडताना वरचा आकडा किती यापेक्षा खालचा आकडा किती हे आधी पाहावे. तो २ ते ३.५ च्या दरम्यान असावा. तीन पटीला शंभर यार्डांवर साधारण तेहतीस फूट रुंदीचा देखावा मिळतो आणि जंगलात तो पुरतो.

आता लांबच्या अंतराचे पाहू. सहा पटीच्या स्कोपातून ३०० यार्डांवरचा एल्क नुसत्या डोळ्यांना ५० यार्डांवर दिसावा तेवढा दिसतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातले, पण सांबराहूनही भरलेले जनावर. नर तीनशे किलोंच्या आसपास असतो आणि त्याचे वर्म, म्हणजे हृदय व फुप्फुसांचा भाग, फूटभर तरी रुंद असतो. एवढ्या लक्ष्यासाठी नऊ-दहा पट पुष्कळ झाली. तुमच्या .३०८ ची १६५ ग्रेन वजनाची गोळी २०० यार्डांवर झीरो केली, म्हणजे त्या अंतरावर ती नेमक्या फुलीवर लागेल असा स्कोप जुळवला, तर ती ३०० वर आठ-नऊ इंच आणि ४०० वर सुमारे दोन फूट खाली येते. २५० पर्यंत नेम जिथे धरायचा तिथेच धरावा. ३०० वर तो छातीच्या वरच्या भागात धरावा. त्यापुढे, निदान या वर्षी तरी, चापाला हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मैदानावर २०० च्या पुढे ज्याने काडतुसे जाळलेली नाहीत त्याला पंचवीस पटीचा स्कोप केवळ स्वतःच्या हाताची थरथर मोठी करून दाखवतो.

वजनाचाही विचार करा. ३.५-१०×४० चा चांगला स्कोप सुमारे ३७० ग्रॅमचा असतो, तर ५-२५ च्या गटातले कित्येक स्कोप ९०० ग्रॅमच्या घरात जातात. डेन्व्हर सोळाशे मीटरवर आहे. तुम्ही तीन हजारांवर चालणार आहात. तेथे दुपारी तीन वाजता जास्तीचा अर्धा किलो नुसता जाणवतच नाही, तो बोलू लागतो.

आणखी एक गोष्ट लोक विकत घेताना विसरतात, ती म्हणजे डोळा आणि भिंग यांतले अंतर. ते साडेतीन इंचांहून कमी नसावे. चढावर पालथे पडून वरच्या दिशेने नेम धरला की डोके आपोआप पुढे सरकते आणि धक्क्यासरशी स्कोपची कड भुवईवर बसते. आमच्या तळावर दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी कपाळावर ताजी चंद्रकोर घेऊन परत येतो, आणि तिला कुंकू लागत नाही.

पैशांची वाटणी मी अशी करीन की स्कोपवर साडेपाचशेपर्यंत घालावेत, चांगल्या रिंगा व बेस घ्यावेत, स्क्रू मोजून आवळण्यासाठी टॉर्क रेंच घ्यावा आणि उरलेल्या पैशांची काडतुसे आणावीत. १०×४२ ची हातातली दुर्बीण नसेल तर स्कोप आणखी स्वस्तातला घ्या, पण ती घ्याच. स्कोपातून टेहळणी करणे म्हणजे जे काय हलते आहे त्याच्यावर भरलेली रायफल रोखणे होय, आणि ते कधीकधी नारिंगी बंडी घातलेले माणूस असते. शिवाय कोलोरॅडोत एल्क समजून मूस हे दुसरे मोठे हरीण मारल्याच्या घटना होतात. ओळख पटवण्याचे काम दुर्बिणीचे आहे.

मोजणीदार

मी शिकारी नाही. नाशिकला जमीन मोजणीच्या कामात आयुष्य गेले, त्यामुळे थिओडोलाइटच्या दुर्बिणीशी संबंध आला आणि तेवढ्या आधारावर दोन गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट उजेडाची. वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधला व्यास पटीने भागला की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४० ला ६ ने भागले तर ती ६.७ मिलिमीटर येते, ५६ ला २५ ने भागले तर जेमतेम सव्वादोन. तरुणाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पण वयाबरोबर ती कमी उघडू लागते. धागाकर्त्यांच्या वयाला पाच-सहा मिलिमीटरचा झोत मिळाला म्हणजे पुरे, त्याहून जाड झोत वायाच जातो. कोलोरॅडोत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला परवानगी असते असे वाचले आहे. त्या संधिप्रकाशात ४० चे भिंग सात-आठ पटीवर ठेवले की हिशेब बसतो. ५६ च्या भिंगाने त्याच पटीवर काही मिळणार नाही, उलट ते रायफलच्या नळीला घासू नये म्हणून स्कोप उंच बसवावा लागेल.

दुसरी गोष्ट पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की स्कोपातली नेमाची फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते त्याची. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले जाते की दुर्बीण आधी आभाळाकडे करावी, नेत्रभिंग फिरवून फुली काळीभोर व रेखीव करून घ्यावी आणि मगच लक्ष्याकडे वळावे. स्कोपच्या मागच्या टोकाचे कडेही त्याचसाठी असते. धागाकर्त्यांना वाचायला चष्मा लागतो, तेव्हा त्यांनी हे दुकानात न करता घरी, स्वच्छ आकाशाकडे पाहून, एकेका वेळी दोन-तीन सेकंदच पाहत करावे, कारण जास्त वेळ पाहिले तर डोळाच जुळवून घेतो आणि आपली फसगत होते. अर्थात रायफल रिकामी असावी आणि स्कोप सूर्याकडे जाऊ देऊ नये. फुली डोलते का हे डोके किंचित हलवून पाहता येते. पॅरॅलॅक्स १५० यार्डांवर कायम केलेला ४० मिलिमीटरचा स्कोप असेल, तर डोळा कडेला गेला तरी ३०० यार्डांवरची चूक जास्तीत जास्त इंचभर होते. तेवढ्यासाठी पॅरॅलॅक्स जुळवण्याचे बाजूचे वेगळे चाक आणि त्याचे वजन घ्यावे का, हे तुम्ही मंडळीच ठरवा.

सेजब्रश

चांदमारसाहेबांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु त्यांनी ३०० यार्डांवर जी रेघ ओढली आहे ती मला सरसकट मान्य नाही. मी वायोमिंगमध्ये उघड्या माळावर शिकार करतो. तेथे आडोसाच नसल्यामुळे ३५० ते ४०० यार्ड नेहमीचे असतात आणि अशा ठिकाणी अंदाजाने वर धरण्यापेक्षा वरचा टरेट, म्हणजे नेम वरखाली करण्याची आकड्यांची तबकडी, फिरवणे अधिक प्रामाणिक वाटते. ४०० वर कोनाचे एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे ४.२ इंच, तेव्हा दोन फुटांसाठी पाव मिनिटाच्या सुमारे २३ टिकटिकी. मात्र समुद्रसपाटीच्या हवेसाठी कोरलेली तबकडी दहा हजार फुटांवर जुळत नाही, कारण विरळ हवेत गोळी कमी पडते. तीस अंशांच्या उतारावर ४०० यार्डांचे आडवे अंतर ३४६ च भरते आणि गोळी किती खाली येईल हे त्या अंतराचे धरायचे असते. वाऱ्याचा हिशेब तर वेगळाच. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ४०० वर गोळी फूटभर बाजूला नेतो, आणि त्यावर कोणतीही तबकडी विकत मिळत नाही.

टरेट घ्यायचाच तर कुलूप असलेला घ्या. एकदा घोड्याच्या खोगिराला लावलेल्या म्यानात घासून माझा उघडा टरेट पूर्ण एक फेरा फिरला, म्हणजे पंधरा मिनिटे. मला त्याचा पत्ताच नव्हता. सत्तर यार्डांवरच्या नराच्या पाठीवरून गोळी गेली आणि त्याने नुसती मान वळवून पाहिले. शून्याची खूण चाप ओढण्याआधी बघण्याची सवय मला त्या दिवशी लागली.

डोंगरउतार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ५-२५ चा विचार सोडला. २.५-१०×४२ चा, टोपणबंद टरेटचा, कायम पॅरॅलॅक्सचा आणि ४०० ग्रॅमच्या आसपासचा एक स्कोप पाहून ठेवला आहे. दोन शंका उरल्या आहेत. फुली पहिल्या फोकल प्लेनची (पटीबरोबर लहानमोठी होणारी) असावी की दुसऱ्या (कायम तेवढीच दिसणारी)? आणि मागच्या वर्षी पहाटे माझ्या हातातल्या रायफलच्या स्कोपावर बर्फाचा पातळ पापुद्रा आला होता, तो नायट्रोजन भरलेल्या स्कोपावर येणार नाही ना?

जुना चांदमार

फुली दुसऱ्याच प्लेनची घ्यावी. पहिल्या प्लेनची फुली खालच्या पटीवर इतकी बारीक होते की अंधाऱ्या झाडीत ती फांद्यांत हरवते. दुसऱ्या प्लेनमध्ये खालच्या खुणा एकाच पटीवर, बहुधा सर्वांत वरच्या, खऱ्या असतात, पण तुम्ही त्या खुणांचा वापर करण्याइतक्या लांब जाणारच नाही आहात.

नायट्रोजन आतल्या बाजूला असतो, बाहेरच्या दवावर त्याचा उपाय चालत नाही. तुम्ही रायफल रात्री तंबूत शेगडीजवळ नेली असणार. गार काचेवर तुमच्या श्वासाची आणि चहाची वाफ बसली, आणि पहाटे बाहेर येताच ती गोठली. रायफल रिकामी करून बाहेरच्याच थंडीत, कुलूपबंद आणि कोरड्या जागी ठेवा, भिंगांवर झाकणे ठेवा आणि नेम धरताना काचेवर श्वास सोडू नका.

स्कोप बसवताना मात्र घाई करू नका. ऑक्टोबरात जे जाड जाकीट आणि नारिंगी बंडी घालणार आहात तीच घाला, स्कोप दहा पटीवर ठेवा, डोळे मिटून रिकामी रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. कडेला काळी सावली दिसली तर स्कोप मागेपुढे सरकवा आणि पुन्हा डोळे मिटा. मग पालथे पडूनही हेच करून पाहा. नुसत्या शर्टावर बसवलेला स्कोप जाकीट चढवले की इंचभर लांब जातो. ऑगस्टात तुम्हाला असे जाकीट घालून दुकानात उभे पाहून लोक हसतील, त्याला इलाज नाही.