पोस्टफिक्सच्या फिल्टरमधून मेल परत जायलेत, काही गायब

उद्यमबाग_२५
ऑर्डरी मराठीत, बाकी मेल कन्नड-इंग्रजीत. विषयात 'ऑर्डर' किंवा 'ॲडव्हान्स' असलेले मेल वेगळ्या फोल्डरात हवेत. डेबियनवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) आहे. मेन.सीएफमध्ये (पोस्टफिक्सची मुख्य सेटिंग फाइल) कंटेंट_फिल्टर देऊन पायथन स्क्रिप्ट जोडली. ती मेल तपासून सेंडमेलने परत आत ढकलते. काही मेल 'टू मेनी हॉप्स' म्हणून पाठवणाऱ्याकडं परत जायलेत, काही कुठंच सापडत नाहीत.

खानापूरकर
मेन.सीएफमधलं कंटेंट_फिल्टर सेंडमेलवाटे आत आलेल्या मेललाही लागतं, म्हणून तोच मेल पुन्हा स्क्रिप्टकडं जातो. प्रत्येक फेरीत मेलवर चढणाऱ्या रिसीव्ह्डच्या ओळी ५० वर गेल्या की पोस्टफिक्स तो परत पाठवतं. ती ओळ तिथून काढा आणि मास्टर.सीएफमध्ये फक्त पोर्ट २५ च्या एसएमटीपीडीखाली (बाहेरून मेल घेणारा भाग) द्या.

गायब होणाऱ्यांसाठी स्क्रिप्टमध्ये 'एक्सेप्ट: पास' आहे का बघा. चूक गिळून स्क्रिप्ट एक्झिट कोड ० देऊन बाहेर पडली की पोस्टफिक्सच्या लेखी मेल पोचला. १ दिला तर बाउन्स, म्हणजे मेल पाठवणाऱ्याकडं परत. काहीही बिघडलं की ७५ द्या, मेल रांगेत थांबतो आणि मूळ सेटिंगप्रमाणं ५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो. सेंडमेलचा एक्झिट कोडही तपासा, तो बहुतेक जण विसरतात.

निपाणी_नेट
नुसतं फोल्डरात टाकायला स्क्रिप्ट कशाला हो? सीव्ह (मेल चाळायचे नियम लिहायची भाषा, डव्हकॉट ती चालवतं) आहे की. मेलबॉक्स_ट्रान्सपोर्ट (व्हर्च्युअल युजर असतील तर व्हर्च्युअल_ट्रान्सपोर्ट) डव्हकॉटच्या एलएमटीपी (मेल मेलबॉक्सात पोचवायचा प्रोटोकॉल) सॉकेटकडं वळवा आणि एलएमटीपीच्या मेल_प्लगिन्समध्ये सीव्ह घाला. हे दुसरं राहिलं तर नियम चालत नाहीत आणि लॉगही गप्प बसतो. फोल्डर आपोआप बनवायचा तर नियमाच्या सुरुवातीच्या रिक्वायरमध्ये 'मेलबॉक्स' हवं, मग फाइलइंटूला (मेल फोल्डरात टाकणारी आज्ञा) क्रिएट देता येतं.

आधी सीव्ह-टेस्टला एक जुना मेल द्या. तो मेल हलवत नाही, काय केलं असतं तेवढं सांगतो. नियम चालताना अडला तरी मेल इनबॉक्सात पडतो. डिस्कार्ड (मेल गुपचूप टाकून देणारी आज्ञा) मात्र वापरूच नका.

उद्यमबाग_२५
सीव्हवर आलो. 'ऑर्डर' सापडतंय, 'ॲडव्हान्स' कधी सापडतं, कधी नाही. बेस६४ (मराठी अक्षरं इंग्रजी अक्षर-अंकांत गुंडाळायची पद्धत) मुळं असेल काय?

खानापूरकर
नाही, विषयाचं बेस६४ सीव्ह स्वतः उलगडतं. कच्च्या मेलवर ग्रेपनं शोधलं असतं तर ते आडवं आलं असतं. 'ॲडव्हान्स'चं पहिलं अक्षर कीबोर्डप्रमाणं तीन तऱ्हांनी येतं: ॲ (यू+०९७२), ऍ (यू+०९०डी), आणि अ (यू+०९०५) वर सुटा चंद्र (यू+०९४५). पहिलं आणि तिसरं दिसायला जवळपास सारखी, पण तिन्ही युनिकोड नॉर्मलायझेशननंही (सारख्या अक्षरांना एकच रूप देणं) एक होत नाहीत. एनीऑफमध्ये (यांपैकी कुठलंही एक जुळलं तरी चालेल) तिन्ही लिहा, किंवा सरळ 'डव्हान्स' एवढंच कंटेन्सनं शोधा.