सुगंधी फुलांचा ॲश बरड जमिनीवर तग धरेल काय?

प्रश्न : धुऱ्यावरचा, तालुका नेर
नमस्कार. माझा भाचा न्यू मेक्सिको राज्यात नोकरीस असून त्याने तेथील डोंगरउतारावरील फ्रॅक्सिनस कस्पिडाटा या सुगंधी फुलांच्या ॲश झाडाची छायाचित्रे पाठवली आहेत. उंची जेमतेम पाच-सहा मीटर, वसंतात पांढऱ्या सुवासिक फुलांचे घोस, आणि पाण्याची गरज बेताची. माझ्या वावराच्या वरच्या अंगाला मुरमाड बरड आहे. दिवाळीला भाचा येताना बी आणतो म्हणतो. ते कसे पेरावे, आणि झाड येथे टिकेल काय?

उत्तर : निवृत्त शिक्षिका, वर्धा
झाड देखणे आहे, यात वाद नाही. बहुतेक ॲशच्या फुलांना पाकळ्याच नसतात आणि त्यांचे परागण वाऱ्यावर होते; याच्या फुलाला मात्र चार अरुंद पांढऱ्या पाकळ्या असतात. अडचण ‘कोरडा प्रदेश’ या शब्दांवर विसंबण्यात आहे. हे झाड ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत साधारण १४०० ते २१०० मीटर उंचीच्या खडकाळ उतारांवर वाढते, जेथे उन्हाळी पाऊस आपल्यासारखाच जुलै-ऑगस्टमध्ये येत असला तरी तो फार थोडा असतो आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो. या वंशातील बहुतेकांचे बी ओलसर गारव्यात दोन-तीन महिने राहिल्याशिवाय रुजत नाही. तो गारवा आपण फ्रिजमध्ये ओल्या वाळूत देऊ शकाल, परंतु पुढे दरवर्षीची थंडी झाडाला कोठून देणार? चिखलदऱ्याची उंचीसुद्धा १११८ मीटरच आहे.

उत्तर : रोपवाटिकाधारक, परतवाडा
बाईंच्या म्हणण्याशी सहमत आहे. शिवाय बी खिशात घालून आणू नये. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तेथील वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. हा नियम जाचक वाटतो खरा, पण पूर्व आशियातून अमेरिकेत शिरलेला हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि त्यानंतर त्याने तेथील कोट्यवधी ॲश मारले. तो भुंगेरा बियांतून नव्हे, लाकडातून पसरतो. तरी परक्या कीड-रोगांचे भय बियांनाही आहेच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. भाच्याला बी आणू नकोस असे कळवतो. मग त्या बरडावर तसेच काही लावता येईल काय?

उत्तर : निवृत्त शिक्षिका, वर्धा
मोखा लावावा. ॲश, पारिजातक, मोगरा आणि मोखा हे सारे एकाच ओलिएसी कुळातले. मोखा या ॲशपेक्षा मोठा होतो, त्यामुळे अंतर जास्त सोडावे. त्याच्या फुलांचा वास रात्री येतो आणि आपल्या पानझडी जंगलातला असल्याने तो मे महिन्याचे ऊन सोसतो.

उत्तर : रोपवाटिकाधारक, परतवाडा
मेळघाटात मोखा आढळतो. त्याचे लाकडासारखे टणक, नाशपातीच्या आकाराचे फळ वाळून उकलण्याआधीच काढून घ्यावे, कारण आतल्या बियांना पंख असतात आणि त्या वाऱ्यावर उडून जातात. रोपे पिशवीत वाढवून पावसाच्या सुरुवातीस लावावीत. मुरमात खड्डा मात्र मोठा घ्यावा आणि पहिले दोन उन्हाळे गुरांपासून काटेरी कुंपण करावे.