मदत हवी आहे: फोटो जोडल्यावर आकाशात रंगीत ठिपक्यांच्या माळा

नमस्कार मंडळी,

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला लागून तीन-चार महिनेच झालेत, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ लेन्स. १८ मिमी, एफ ३.५, १५ सेकंद, आयएसओ ३२००, रॉ. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो. संगणकावर शंभर टक्के झूम केलं की आकाशभर वाळू भुरभुरलेली. आयएसओ ८०० करून पाहिला आणि नंतर संगणकावर दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजळवलं. वाळू होती तिथेच, वर गडद भागात जांभळट झाक आली. नॉइज रिडक्शनची पट्टी ओढली तर वाळूबरोबर बारीक तारेही गेले. मेण फासल्यासारखं आकाश काय कामाचं?

मग लागोपाठ २० फोटो काढून डीपस्कायस्टॅकर या फोटो एकावर एक जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये सरासरीने जोडले. वाळू खरंच बसली, पण नवीनच भानगड! लाल, निळ्या, हिरव्या ठिपक्यांच्या माळा, सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या. एका माळेतले ठिपके मोजले, बरोबर वीस. शिवाय पहिल्या फोटोपेक्षा शेवटच्या फोटोत रंगीत ठिपके जास्त दिसतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

वीस फोटो, वीस ठिपके... कोडं तुम्हीच सोडवलंत की! ते हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचे प्रकाश नसतानाही चमकणारे ठिपके. सेन्सरवर ते जागचे हलत नाहीत, तारे मात्र सरकतात. ताऱ्यावर तारा बसवायला सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो जरासा सरकवतं, त्याबरोबर ठिपकाही सरकतो आणि माळ तयार होते.

फोटो संपले की कॅमेरा आवरायच्या आत लेन्सला झाकण लावा आणि त्याच आयएसओवर, तेवढेच १५ सेकंद, पंधरा-वीस डार्क फ्रेम, म्हणजे काळे फोटो घ्या. त्यात फक्त हे ठिपके येतात, जोडताना सॉफ्टवेअर ते वजा करतं. घरी गेल्यावर काढू म्हणू नका. सेन्सर साधारण ६ अंशांनी तापला की डार्क करंट (प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये तयार होणारा सिग्नल) दुप्पट होतो, शेवटच्या फोटोत ठिपके वाढले ते त्यामुळेच. जोडताना सरासरीऐवजी कप्पा-सिग्मा निवडा, बाकी फोटोंपेक्षा फारच वेगळे ठिपके ती पद्धत वगळते. कॅमेऱ्यातलं ते रिडक्शन बंदच ठेवा. प्रत्येक फोटोनंतर ते तेवढ्याच वेळाचा डार्क घेत बसतं, निम्मी रात्र त्यातच जाते.

वाळूचा दोष आयएसओचा नाही, प्रकाशच कमी आहे. २० फोटोंनी ती सुमारे साडेचार पट कमी होते, दहा पट हवी तर १०० फोटो लागतील. त्यापेक्षा एफ १.८ ची लेन्स मिळाली तर बघा, जवळपास पावणेचार पट प्रकाश येतो.

धागाकर्ता:

हात्तिच्या! गेल्या खेपेला झाकण काढायचं विसरून काळेकुट्ट आठ फोटो काढले होते. लाज वाटून तिथल्या तिथे डिलीट केले.