.२२ ची रायफल .१७ मध्ये बदलून घ्यावी का?

प्रश्न (टेक्ससहून)

नमस्कार. माझ्याकडे सीझेड ४५५ ही बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा (बोल्ट) हाताने मागेपुढे करून ती भरावी लागते. ती ‘.२२ लाँग रायफल’ या काडतुसासाठीची आहे (.२२ आणि .१७ हे आकडे नळीच्या भोकाचे इंचातले माप सांगतात). माझ्या शेजाऱ्यांच्या रँचवर (गुरांच्या मोठ्या फार्मवर) प्रेअरी डॉग या खारीसारख्या बिळे करणाऱ्या प्राण्यांनी कुरणभर बिळे केली आहेत आणि त्यात गुरांचे पाय अडकतात, म्हणून त्यांनी मला बंदोबस्तासाठी बोलावले आहे. पन्नास यार्डांपर्यंत माझी रायफल उत्तम चालते. शंभर यार्डांवर मात्र गोळी इतकी खाली येते आणि वाऱ्याने इतकी सरकते की नेम धरण्यापेक्षा अंदाजच अधिक बांधावा लागतो. .१७ एचएमआर हे काडतूस या कामासाठी योग्य आहे असे सर्वच सांगतात. माझा प्रश्न असा की, फक्त नळी बदलून हे साधेल का? एका मित्राने असेही सुचवले आहे की नळी तीच ठेवून चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) रीमरने, म्हणजे भोक रुंदावणाऱ्या हत्याराने, वाढवावे आणि रायफल .२२ मॅग्नम या अधिक लांब काडतुसाची करून घ्यावी. त्यात खर्च कमी आहे. कोल्हापुरात माझ्या थोरल्या भावाकडेही परवान्यावरची .२२ आहे. त्याच्यासाठी इकडून नळी नेता येईल का, हेही कृपया सांगावे.

पहिले उत्तर (मिशिगनहून)

आपली रायफल ४५५ आहे हे आपले भाग्य समजा, कारण ती याच हेतूने बनवलेली आहे. तिची नळी रिसीव्हरमध्ये (बोल्ट ज्यात बसतो त्या रायफलीच्या मुख्य सांगाड्यात) आट्यांनी घट्ट बसवलेली नसून दोन स्क्रूंनी धरलेली असते, आणि .२२ लाँग रायफल, .२२ मॅग्नम व .१७ एचएमआर या तिन्ही काडतुसांसाठी एकच रिसीव्हर वापरता येईल अशी तिची रचना आहे. आपण कंपनीची .१७ एचएमआर नळी आणि त्याच काडतुसाचे मॅगझिन (काडतुसांची पेटी) घ्यावे, मॅगझिनच्या खाचेत .२२ साठी बसवलेला अडॉप्टर काढावा, आणि पहिली गोळी झाडण्यापूर्वी गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि नळी यांच्यात काडतुसाच्या कडेसाठी सोडलेली फट, गेजने तपासून घ्यावा. दुर्बिणीचा नेम पुन्हा झिरो करावाच लागेल, म्हणजे गोळी लागते तिथे जुळवावाच लागेल. साफसफाईसाठी .१७ ची बारीक सळईही वेगळी घ्या, कारण .२२ ची सळई त्या नळीत शिरणार नाही.

मात्र ही सोय ४५५ ची आहे, सरसकट सर्व .२२ रायफलींची नाही. .२२ लाँग रायफल काडतुसाची कमाल लांबी २५.४ मिलिमीटर असते, तर मॅग्नम आणि एचएमआर यांची सुमारे ३४.३ मिलिमीटर. बहुतेक जुन्या .२२ रायफलींचे मॅगझिन आणि बोल्टची मागेपुढे होणारी चाल या आखूड काडतुसाच्या मापानेच आखलेली असते, त्यामुळे तिथे नळी बदलूनही लांब काडतूस आत जात नाही. शिवाय रिमफायर काडतुसांत (ही तिन्ही तशीच आहेत) पेटणारा मसाला पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांडीच्या, बुडाशी दुमडलेल्या कडेत, म्हणजे रिममध्ये, भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कड नळीच्या मागच्या काठावर चेचते. लाँग रायफलची कड सुमारे १.०९ मिलिमीटर जाड असते आणि मॅग्नम कुळाची १.२७. हा फरक नखाएवढाही नाही, पण कडेसाठी सोडलेली फट तेवढ्याने चुकली तर एकतर बोल्ट बंद होत नाही, किंवा पिन नीट बसत नाही आणि पुंगळीला मागून आधार राहत नाही.

आता आपल्या मित्राच्या सूचनेबद्दल. ती कृपया अमलात आणू नका. लाँग रायफलची गोळी आणि तिची पुंगळी बाहेरून जवळजवळ सारख्याच जाडीच्या असतात. गोळीचे फक्त बूड बारीक करून ते पुंगळीत बसवलेले असते. मॅग्नममध्ये गोळी आपल्या पूर्ण जाडीनिशी पुंगळीच्या तोंडात बसते, म्हणून पुंगळी ५.७४ ऐवजी ६.१५ मिलिमीटर जाड आहे. कमाल दाब दोन्हींचा २४,००० पीएसआयच (दर चौरस इंचावर इतके पौंड) धरलेला आहे, हे वाचून अनेकांना धीर येतो. परंतु तोच दाब अधिक रुंद बुडावर पडल्याने बोल्टवरचा धक्का सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. त्याहूनही मला खटकते ती गोष्ट अशी की चेंबर वाढवल्यानंतरही नळीवर जुन्याच काडतुसाचे नाव कोरलेले राहते. उद्या ती रायफल दुसऱ्याच्या हाती गेली, त्याने नाव वाचून लाँग रायफल भरली, तर ती सैल चेंबरमध्ये फुगून चिरेल आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येईल.

सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफलींबाबतही सावध राहावे. त्यांत बोल्टचे वजन आणि स्प्रिंग यांच्या जोरावरच पुंगळी क्षणभर आत धरली जाते, आणि एचएमआरचा दाब ओसरण्याआधी बोल्ट उघडला तर पुंगळी फाटते. रेमिंग्टनने आपली ५९७ ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल .१७ एचएमआरमध्ये विकली होती; पुढे ती त्यांना परत बोलवावी लागली. मोठ्या कंपनीला जे निभावले नाही, ते घरच्या कामाच्या टेबलावर कोणी करू पाहू नये.

दुसरे उत्तर (ब्रिटनहून)

वरील माहितीशी सहमत आहे; फक्त कायद्याचा मुद्दा जोडतो, कारण इथलेही अनेक मराठी नेमबाज हे वाचतील. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा रायफलीचा क्रमांक लावलेला रिसीव्हर हेच शस्त्र मानले जाते, त्यामुळे सुटी नळी सहज विकत मिळते. ब्रिटनमध्ये सुट्या नळीचीही फायरआर्म सर्टिफिकेटवर (शस्त्र परवान्यावर) स्वतंत्र नोंद असावी लागते, म्हणून खरेदीपूर्वी पोलिसांकडून व्हेरिएशन, म्हणजे त्या परवान्यात बदल, मंजूर करून घ्यावे लागते. चेंबर बदललेली नळी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमधून (शस्त्रांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेतून) नव्याने तपासून शिक्का घेतल्याशिवाय विकताही येत नाही.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. चेंबर वाढवण्याचा विचार सोडून दिला. कंपनीची नळी आणि मॅगझिन मागवतो. भावाच्या रायफलीचे काय करावे?

तिसरे उत्तर (पुण्याहून)

आपल्या भावासाठी नळी आणू नका, सामानातून तर मुळीच नको. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्रांच्या व्याख्येतच त्यांचे भाग येतात आणि कलम १० प्रमाणे परवान्याशिवाय ते देशात आणता येत नाहीत. कलम ५ नुसार शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे आणि त्याचे रूपांतर करणे यांसाठीही परवाना लागतो, आणि हा परवाना शस्त्र बाळगण्याच्या परवान्याहून वेगळा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र एका प्रवर्गातून दुसऱ्या प्रवर्गात बदलणेही कलम ६ खाली आले असून, कलम ५ आणि ६ च्या उल्लंघनाला किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप एवढी शिक्षा आहे. आपल्या भावाच्या परवान्यावर रायफलीचे बोअर (नळीच्या भोकाचे माप) लिहिलेले असणार; हातातले शस्त्र आणि कागदावरची नोंद यांत तफावत दिसली की परवानाही धोक्यात येतो. दुसऱ्या बोअरची खरोखर गरज असेल, तर परवाना देणाऱ्या कार्यालयात रीतसर अर्ज करून वेगळी रायफल घेणे हाच मार्ग आहे. फक्त एका व्यक्तीला आता जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

रूपांतर नीट केले तर किती टिकते, याचे उदाहरण मात्र आपल्याकडच्या हजारो जणांनी हाताळलेले आहे. एनसीसीत मिळणारी जुनी ‘नंबर दोन मार्क चार’ ही .२२ रायफल मुळात लष्कराची .३०३ ली-एनफील्ड होती. सरावाचा खर्च वाचावा म्हणून सरकारी शस्त्रशाळांनी तिला .२२ ची नळी बसवली. काही प्रकारांत जुनी नळी आतून पोखरून तिच्यात.२२ चे अस्तर घातले. फायरिंग पिन कडेवर आपटेल असा बोल्टही बदलला. तिला खाली मोठे मॅगझिन दिसते, तरी कॅडेटला प्रत्येक गोळी हातानेच भरावी लागते, कारण त्या पेटीतली स्प्रिंग आणि पट्टी काढून टाकलेली असते आणि झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या तिच्यात पडतात. मोठ्या काडतुसाच्या भक्कम रायफलीत लहान काडतूस बसवले, म्हणून तिथे मजबुतीचा प्रश्नच उद्भवला नाही. आपल्या मित्राची सूचना नेमकी याच्या उलट दिशेची होती.