हायवेवरचं स्पीडचं चलन: गपगुमान भरायचं की हरकत घ्यायची?

उचगावकर
आमच्या कॉलनीत ज्याच्या त्याच्या मोबाईलवर स्पीडच्या चलनाचा मेसेज येऊन पडलाय आणि बहुतेक जण फोटो न उघडताच पैसे भरून मोकळे होतात. माझं म्हणणं सरळ आहे. फोटो नीट बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

पुणे-बंगळूर हायवेवर सहापदरीकरणाच्या पट्ट्यातलं चलन माझ्या गाडीला आलंय. फोटो मोठा करून बघितला तर त्यात दोन गाड्या आहेत. डावीकडं मी, उजवीकडं मला ओलांडून जाणारी पिकअप. वेग मोजणाऱ्या स्पीडगनची नेम धरल्याची फुली पिकअपच्या बंपरवर, ८७ चा आकडा तिचा, नंबर मात्र माझा! पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाकलीय. मेहुणे म्हणतात, दोन हजारासाठी कशाला डोक्याला ताप, भरून टाका. मी भरणार नाही. भरलं म्हणजे गुन्हा तडजोडीनं मिटवला असं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये दुसऱ्यांदा वेगमर्यादा मोडली तर लायसन्स जप्तीची तरतूद आहे. न केलेल्या गुन्ह्याचे पैसे भरून तो पहिला म्हणून का मोजू द्यायचा?

रात्रपाळी सिस्टर
दादा, फोटो तुम्ही म्हणता तसा असेल तर जरूर भांडा. पण "एक रुपयाही भरू नका" एवढंच वाचून, ज्यांची गाडी खरोखर शंभरच्या पुढं होती तेही तक्रारी टाकत सुटतील. मी अपघात विभागात काम करते. कागल, शिरोलीकडून रात्री पेशंट येतात. शर्ट कापून बाजूला केला की स्टिअरिंगचा गोल वळ छातीवर उमटलेला दिसतो. बाहेर नातेवाईक सांगत असतात, "हळूच चालला होता हो." तो वळ काही वेगळंच सांगत असतो. दंडानं एखाद्याचा पाय जरी ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला तरी मला तो दंड हवाय.

शाहूपुरीतला वकील
सिस्टर, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण चुकीच्या गाडीला दंड झाला तर पळणारी पिकअप मोकळीच राहते. म्हणून पुरावा तपासणं हे वेगाच्या बाजूचं नाही, उलट आहे.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. यंत्रानं नजर ठेवली जाते अशी पाटी रस्त्यावर ठळक दिसली पाहिजे. चलनाची सूचना १५ दिवसांत पाठवायची. नंबर दिसणारा फोटो, यंत्रानं मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम, हे सगळं त्यात हवं. तक्रारीत "चलन चुकीचं आहे" एवढंच लिहू नका. यातलं नेमकं काय नाही ते लिहा आणि ॲपमधला फोटो आजच उतरवून ठेवा.

लोकअदालतीची नोटीस आली की लोक धावतात. तिथं तडजोड होते, "मी नव्हतोच" हा वाद तिथं निकाली निघत नाही, आणि एकदा तडजोड केली की त्यावर अपील नाही. वाद असेल त्यानं कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात नियमित कोर्टापुढं म्हणणं मांडावं. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत असते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ वाचा.

कळंब्याचे मास्तर
वकीलसाहेब, ५१४ सांगितलंत, मग ५१९ पण सांगा. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे. "सहा महिने गप्प बसा, चलन मरतं" असा अर्थ पोरं काढतील.

मी भौतिकशास्त्र शिकवायचो. उभ्या गाडीतून स्पीडगन तिरकी धरली तर आकडा खऱ्या वेगापेक्षा कमी येतो, जास्त नाही. म्हणजे कोनाची चूक चालकाच्याच फायद्याची. उचगावकरांचा मुद्दा वेगळा आहे, गाडीच दुसरी धरली गेली. तो मला मान्य. पण "हायवेला कारला १०० चालते" हे रडगाणं मान्य नाही. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेतले चारपदरी रस्त्याचे ताशी १०० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. काम चालू असलेल्या पट्ट्यात पाटीवर कमी आकडा असेल तर तोच पाळायचा.

उचगावकर
मास्तर, पाटी दिसली तर ना! वळणरस्ता बदलला की पाटी मागंच राहते, नाहीतर डंपरनं उडवलेल्या धुळीखाली जाते. कमी मर्यादा लावली तर तशी चिन्हं लावणं कलम ११२ मध्येच आहे. सिस्टर, तुमचं पटलं. आधी फोटो बघा, वेग आपला असेल तर भरा, असं लिहायला हवं होतं.

सहाचाकीवाला, गोकुळ शिरगाव
तुमचं दोन हजाराचं चाललंय, आमच्या गाडीला चार हजारापतूर दंड हाय. चलन मालकाच्या नंबरवर जातं आन् पगारातनं कापून घेत्यात. कंपनीत माल भरायलाच रात्रीचे अकरा वाजवत्यात आन् पहाटं भिवंडीला गाडी लागली पायजे म्हणत्यात. कराडपतूरच खड्डं आन् वळणरस्तं, पुढं घाट. हिशेब तुमीच करा वो. ब्रेक मारला की टायम जातो, टायम गेला की भाडं कापत्यात. स्पीडगनला ह्यातलं काय दिसतंय?

शाहूपुरीतला वकील
दादा, कलम १८३ चं पहिलं पोटकलम तुमच्यासाठीही आहे. नोकराला वेगमर्यादा मोडायला लावणारा मालकही तितक्याच दंडाला पात्र असतो. माल भरल्याचा गेटपास आणि गाडी किती वाजता पोचवायची त्याचा मेसेज जपून ठेवा.

रात्रपाळी सिस्टर
हे मला माहीत नव्हतं. मालकाला दंड होत असेल तर तो आधी व्हावा.

सहाचाकीवाला, गोकुळ शिरगाव
मेसेज न्हाई करत, फोनच करत्यात. गेटपासचा फोटो काढून ठेवतो आजपासनं. पर वकीलसाहेब, मालकाचं नाव कोर्टात घेतल्यावर दुसऱ्या दिवशी गाडीची चावी कोण देनार, तेवढं सांगा.