डेटा वाचवणारी प्रॉक्सी कोणी वापरतं का?

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझा महिन्याचा डेटा विसाव्या दिवशीच संपतो. पूर्वी क्रोमच्या सेटिंगमध्ये डेटा सेव्हरचं बटण होतं, त्यावर बरंच भागायचं. आता ते सापडतच नाही. पानं लहान करून पाठवणारी एखादी प्रॉक्सी, म्हणजे साइट आणि फोन यांच्यामधला सर्व्हर, कोणी वापरतं का? फुकटातल्या दोन-तीन दिसल्या, पण जीव धजावत नाही.

*

ताई,

बटण तुमच्या हातून हरवलेलं नाही, गूगलनेच २०२२ मध्ये काढलं.

प्रॉक्सी पान साइटवरून उचलते, फोटो वेबपी या हलक्या प्रकारात बदलते, मजकूर आवळते आणि तुमच्याकडे धाडते. साधं एचटीटीपी होतं तोवर झकास चालायचं. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे पान बंद पाकिटातून येतं. पाकीट न फोडता आतला फोटो लहान कसा करणार? ऑपेरा मिनी या ब्राउझरचा एक्स्ट्रीम मोड ते फोडतोच. पान त्यांच्या सर्व्हरवर उघडतं आणि सोलून-निवडून आपल्याकडे येतं. बातम्यांना ठीक, बँकेचं पान मी त्यातून उघडत नाही. एका फुकट सेवेने तर मला तिचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे माझी बंद पाकिटं फोडायचा परवानाच, फोनमध्ये बसवायला सांगितलं. त्याच क्षणी ॲप उडवलं.

आणि वाचणार तरी किती? मजकूर साइटच जीझिप किंवा ब्रॉटली या पद्धतीने दाबून पाठवते, व्हिडिओही आधीच आवळलेला. पिळलेलं फडकं पुन्हा पिळून काय निघणार! आधी फोनच्या सेटिंगमध्ये कुठलं ॲप किती डेटा खातं ते पाहा.

*

पाहिलं. ब्राउझर चौथ्या नंबरवर! पहिला फोटोंचा बॅकअप. नातवाचे व्हिडिओ मोबाइल डेटावरून वर चढत होते. ते वायफायपुरतं केलं, व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोडही बंद. यूट्यूब ४८० वर आणलंय, चेहरे दिसतात, पुरे.

ऑपेरा मिनी बातम्यांपुरता ठेवीन म्हणते. पण जुन्या फोनवर त्यात मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे हो. अजून तसंच आहे का?

*

नाही ताई, आताच्या फोनमध्ये देवनागरी फॉन्ट असतोच. तेव्हा ॲड्रेसच्या जागी कॉन्फिग टाइप करून बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू करावा लागे, मग अक्षरं चित्रं बनून यायची. गंमत म्हणजे त्या चित्रांपायी पान पुन्हा जड व्हायचं!