जुनी लाकडी शिडाची होडी घरीच दुरुस्त करावी म्हणतो, सल्ला पाहिजे

गोदाकाठचा_गडी
राम राम मंडळी. मुक्काम अंबड तालुका, जिल्हा जालना. समुद्र इथून अख्खा सह्याद्री ओलांडल्यावर लागतो, त्यामुळं गाव सध्या माझ्याकडं कोणत्या नजरेनं बघतंय ते सांगत नाही. पुण्यात शिकायला होतो तेव्हा शिडाची होडी चालवायला शिकलो. तिथल्याच ओळखीच्या एका काकांकडं ‘एंटरप्राइज’ जातीची होडी पडून होती. घेऊन जा म्हणाले, पैसेही घेतले नाहीत. तिथंच शंका यायला पाहिजे होती. टेम्पोत घालून आणली, आता शेतातल्या शेडमध्ये उपडी ठेवलीय.

प्लायवूडची आहे, लांबी ४.०४ मीटर. निळी शिडं फाटकी, पण आहेत. डोलकाठी आणि सुकाणू शाबूत. वार्निशचे पापुद्रे निघायलेत. सेंटरबोर्डच्या (होडीच्या मधून खाली पाण्यात सोडायची फळी) पेटीजवळ तळाला काळे डाग आहेत.

हिच्यावर पैसा घालावा का नवीन छोटी बांधावी? प्लाय आणि रेझिन कोणतं घ्यावं? एप्रिल लागलाय, ह्या उन्हात हे काम होतं का? अट एकच, दसऱ्याच्या आत शेड मोकळं पाहिजे. सोयाबीन आलं की वडील होडी उचलून बांधावर ठेवतील.

लातूरकर_मालवणी
आधी ती दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. आमच्या आजोबांची होडी पावसाळाभर झावळ्यांखाली असायची, सुकून सांधे उघडायचे. पाण्यात टाकली की लाकूड फुगून फटी आपोआप मिटायच्या. उरल्यासुरल्या फटीत सूत ठोकायचं. शेततळं असेलच ना तुमच्याकडे?

पालटतं_वारं
कृपा करून बुडवू नका! ते फळ्या जोडून केलेल्या होडीचं औषध आहे. प्लायच्या होडीला फुगून मिटायच्या फटी नसतातच. पाणी उघड्या कडांतून आत शिरेल आणि थर सुटतील.

लातूरकर_मालवणी
खरं आहे. मी फळ्यांच्याच होड्या पाहिल्या आहेत. शब्द मागे.

परभणीचा_सुतार
दादा, डाग बघून काही ठरवू नका. मडकं घेताना बोटानं वाजवून घेतो का नाही, तसा सगळा तळ वीत-वीत अंतरावर वाजवत चला. टणक आवाज आला तर पुढं सरका. बद्द आवाज आला तिथं खडूनं खूण करा. मग बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन खूण केलेल्या जागी दाबा. अडला तर लाकूड जिवंत, नुसता वरचा रंग काळा पडलाय. लोण्यात गेल्यावानी आत गेला तर ते कापूनच काढावं लागतंय, वरून लुकण भरून उपयोग नाही. पेटीचा खालचा सांधा, मागच्या फळीचे कोपरे आणि जिथं पावसाचं पाणी साचून राहिलं असंल अशा जागा आधी बघा. स्क्रूड्रायव्हर फुकट आहे, रेझिन नाही. हे झाल्याबिगर दुकानात जाऊ नका.

कापलेल्या जागी ठिगळ लावताना कडेला कड भिडवायची नाही. दोन्ही कडांना उतार काढायचा, जाडीच्या आठपट. म्हणजे ६ मिमी प्लायला ४८ मिमी, सोयीला ५० धरा. रंधा धारदार असला की उतारावर प्लायचे थर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतेत. त्या पट्ट्या सरळ आल्या म्हणजे उतार सरळ आला. वार्निश काढायला बेल्ट सँडर अजिबात नको, वरचा थर कागदावानी पातळ असतोय, मिनिटात आरपार. हीट गन आणि खरवडणी घ्या. जुन्या रंगात शिसं असायचं, तोंडाला नुसता रुमाल नको, चांगला मास्क बांधा.

प्लाय आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) छापाचाच घ्या. त्याच्या परीक्षेत तुकडा ७२ तास उकळतेत. नुसता छाप बघून विश्वास ठेवू नका. थोडा तुकडा जास्तीचा घ्या, त्यातला तळहाताएवढा कापून चुलीवर दिवसभर उकळा. थर सुटले तर दुकानदाराला नेऊन दाखवा. कडेनं बघताना मधल्या थरात पोकळी दिसली तरी ती शीट नको.

पालटतं_वारं
सुतारदादांशी शंभर टक्के सहमत. रेझिनबद्दल मी सांगतो, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय.

तुमच्याकडं कूलरच्या टाक्या आणि दारं करणारे फायबरवाले असतील. ते पॉलिएस्टर रेझिन वापरतात. स्वस्त असतं, पण लाकडाला त्याची पकड कच्ची, दोन-तीन पावसाळ्यांत साल सुटावी तसं सुटतं. इपॉक्सी रेझिनच घ्या. दोन्हींत एक मोठा फरक आहे. पॉलिएस्टर लवकर वाळावं म्हणून हार्डनर (रेझिन घट्ट करायला त्यात मिसळतात ते) थोडा वाढवला तरी चालतं. इपॉक्सीत प्रमाण ठरलेलं असतं, जास्त हार्डनर घातला तर ते कायम चिकट राहतं. मी नेमकं तेच केलं होतं. चिकट थर खरवडण्यात माझे तीन रविवार गेले, त्यात एक दिवाळीचा. वजनकाटा घ्या, अंदाज नको.

आता ऊन. जालन्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. मगभर इपॉक्सी कालवून ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, धूर काढतं आणि मगातच दगड होतं. स्लो हार्डनर मागा, एका वेळी १०० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. चिकटवायचं काम पहाटे. पण उघड्या लाकडावर पहिला हात द्यायचा तो मात्र संध्याकाळी, लाकूड थंड व्हायला लागल्यावर. सकाळी दिलात तर दिवसभर लाकूड तापतं, आतली हवा फुगते आणि सगळीकडे बुडबुडे येतात. संध्याकाळी हवा आकसते, रेझिन आत ओढलं जातं. दुसरा हात देण्याआधी पृष्ठभाग साध्या पाण्यानं घासून धुवा, वर मेणचट थर येतो तो निघायला हवा. शेवटी रंग किंवा उन्हाला टिकणारं वार्निश हवंच. उघडं इपॉक्सी तुमच्या उन्हात टिकणार नाही.

उन्हाळ्याचा एक फायदा आहे, लाकूड इतकं कोरडं तुम्हाला वर्षात पुन्हा मिळणार नाही. म्हणून खरवडणं, कापणं, ठिगळं आत्ता करा आणि सगळ्या कडा मृगाआधी इपॉक्सीनं बंद करा.

दुरुस्ती की नवीन? एंटरप्राइज जॅक होल्टनं १९५६ मध्ये आखली, तीच मुळी हौशी लोकांना घरी बांधता यावी म्हणून. सांगाडा धड असेल तर दुरुस्तच करा. सांगाडाच कुजला असेल तर त्याच होल्टची, टीव्हीवर घरची कामं शिकवणाऱ्या बॅरी बकनेलबरोबर १९६२ साली केलेली ‘मिरर’ बघा. ३.३ मीटरची, लाल शिडांची. प्लायचे तुकडे कापून तांब्याच्या तारेनं शिवायचे आणि सांध्यांवर रेझिन-काचपट्टी चढवायची. तिची डोलकाठी दोन तुकड्यांत असते, होडीच्या लांबीत मावते.

परभणीचा_सुतार
तार मोटार रिवायंडिंगवाल्याकडं किलोवर मिळती. आणि सागवान वापरणार असाल तर ते तेलकट असतंय, चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसून घ्या.

बिनपाण्याचा
होडी झाली, आता पाणी बघा. २०१६ ला लातूरला पाणी रेल्वेनं आणलंय मालक, मिरजेहून.

नाथसागर_पक्षी
चेष्टा सोडा, पण मुद्द्यात दम आहे. आपल्याकडं जून-जुलैत वारा सणसणीत असतो आणि धरणं तळाला गेलेली. सप्टेंबरात धरण भरतं तोवर वारा पडलेला. जायकवाडीचं पाणी पसरट आणि उथळ, वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात. शिवाय तो जलाशय पक्षी अभयारण्य आहे. वन विभाग आणि जलसंपदा, दोघांकडं लेखी विचारल्याशिवाय होडी उतरवू नका. हिवाळ्यात पाहुणे पक्षी असताना तर नकोच. मासेमारीची जाळीही पसरलेली असतात, सेंटरबोर्ड अडकलं की होडी जागीच खिळते.

बीडची_सुनंदा
वर कोणी तरी शेततळ्याचं बोललं म्हणून लिहिते. अस्तराच्या शेततळ्यात होडीची चाचणी घेऊ नका हो. प्लास्टिकवर शेवाळ धरतं, पोहता येणाऱ्यालासुद्धा काठावर चढता येत नाही. घ्यायचीच असेल तर चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आधी सोडून ठेवा, काठावर दोन माणसं, आणि अंगात लाइफ जॅकेट. आमच्या शिवारात माणसं गेली आहेत.

पालटतं_वारं
ताईंचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा. त्याला जोडून एक. जुन्या लाकडी एंटरप्राइजमध्ये हवेच्या पिशव्या बांधतात. उलटली की ती भरपूर पाणी घेते, पिशव्या गळक्या असल्या तर पुन्हा उभी राहत नाही. पिशव्या फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ लागल्या तर साबणाचं पाणी फिरवून भोक शोधा, पंक्चरवाला शोधतो तसं. आणि त्या ज्या पट्ट्यांना बांधतात ते पट्टे नि स्क्रू ओढून बघा. पिशवी चांगली आणि पट्टा तुटका असेल तर ती वर निघून जाईल, होडी खाली.

गोदाकाठचा_गडी
सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितोय. सांगाडा टणक आहे, दुरुस्तच करतो. पेटीच्या दोन्ही अंगाला तळहाताएवढं लाकूड लोण्यासारखं निघालं. मागच्या फळीचा एक कोपरा गेलाय. सुनंदाताई, शेततळ्याचा विचार होता, तो सोडला. येलदरी धरणावर आमचे पाहुणे आहेत, परवानगीचं आधी तिथं विचारतो.

काल वडील शेडमध्ये आले. होडीभोवती एक चक्कर मारली, बोलले काहीच नाहीत. मग वाकून बोटानं ठोकत ठोकत पुढच्या टोकापर्यंत गेले आणि म्हणाले, “हितं बद्द वाजायलंय.” मी ती जागा चांगली म्हणून सोडून दिली होती. स्क्रूड्रायव्हर लावला. गेला आत.